दोरीला झोळ ठेवायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

शनिवारच्या वर्गाला येणाऱ्या आम्हा सगळ्या घरांकडून हे पत्र. लोक तुमच्याकडे कुत्रं शिकवायला घेऊन येतात आणि तुम्ही पहिला अख्खा तास कुत्र्याला साधं ‘बस’ही म्हणत नाही. तुमचं लक्ष दोरी धरलेल्या मुठीवर असतं. ती मूठ सैल झाल्यावर आमच्या घरांत जे बदललं, त्याचे आभार सगळ्यांदेखत मानावेत असं मनापासून वाटलं.

समोरून दुसरं कुत्रं येताना बहुतेक वेळा माणसालाच आधी दिसतं. तो श्वास रोखतो, लीशला हाताभोवती दोन वेढे देतो आणि मूठ छातीशी ओढतो. आपल्या कुत्र्याच्या गळ्याशी पट्टा आवळला जातो आणि मग त्याला समोरचं कुत्रं दिसतं. असं रोज झालं की त्याच्या डोक्यात सरळ हिशोब बसतो: दुसरं कुत्रं आलं की गळा आवळतो. मग ते भुंकतं, आपण आणखी ओढतो, आणि लोक म्हणतात कुत्रं ‘अग्रेसिव्ह’ आहे. तुम्ही सांगितलंत की दोरीला कायम झोळ हवा. सहा फुटी साधी लीश, आपोआप गुंडाळली जाणारी नको. पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस. लीश धरलेला हात बेंबीजवळ, आणि समोर काही दिसलं की आधी आपण श्वास सोडायचा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, म्हणूनच तुम्ही ते सगळ्यांत जास्त वेळा करून घेता.

त्यानंतर अंतर. कुत्रं समोरच्या कुत्र्याकडे पाहतंय, कान टवकारलेत, पण आपल्या हातचा चिकनचा तुकडा नेहमीसारखा खातंय, तिथे थांबायचं. तुकडा नाकारला किंवा बोटांना दात लावून हिसकावला, तर आपण फार जवळ आलोय. तुकडे मटाराच्या दाण्याएवढे, बिनमिठाचे, कांदा-लसणाशिवाय उकडलेले. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाहीत. आणि क्रम कधीच उलटा करायचा नाही: आधी समोरचं कुत्रं दिसायला हवं, मग सेकंदभरात तुकडा. चिकन आधी बाहेर काढलं तर हळूहळू चिकनची पिशवीच धोक्याची घंटा होते. पुष्कळ लोक इथेच चुकतात आणि ‘ट्रीट देऊनही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. समोरचं कुत्रं नजरेआड झालं की तुकडेही बंद. पुढे त्याला पाहताच आपलं कुत्रं स्वतःहून मान वळवून आपल्याकडे बघायला लागलं, की मगच अंतर दोन-चार पावलांनी कमी करायचं. लिफ्टच्या दारात किंवा जिन्यात हे अंतर मिळत नाही. त्यासाठी मागे वळायचा सराव घरच्या पॅसेजमध्ये आधीच पक्का हवा, आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा आडोसा घ्यायला लाज वाटू नये.

गुरगुरण्याबद्दल तुम्ही जे शिकवलंत, त्यासाठी तर लहान मुलं असलेली घरं तुमची कायमची ऋणी आहेत. कुत्रं वाडग्यावर गुरगुरतं त्याच्या आधी बरंच काही बोलून गेलेलं असतं. खाण्याचा वेग वाढतो, मान खाली जाते, अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. हे कुणी ऐकलं नाही की ते गुरगुरतं. तेव्हा ओरडलं किंवा फटका दिला तर गुरगुरणं थांबतं, पण भीती तिथेच राहते, आणि पुढच्या वेळी इशारा न देता थेट दात लागतात. तुमची रीत साधी आहे. ज्या अंतरावरून गेल्यावर त्याच्या खाण्यात काहीच फरक पडत नाही, तिथून जायचं, वाडग्यातल्यापेक्षा चांगली वस्तू वाडग्याच्या दिशेने टाकायची आणि न थांबता पुढे जायचं. वाडग्यात हात घालायचा नाही. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करायचं. हा सराव फक्त मोठ्यांनी करायचा, मुलं घरात असतील तर कुत्र्याचं जेवण बंद दाराआड. आणि शांत कुत्रं अचानक गुरगुरायला लागलं तर प्रशिक्षणाआधी डॉक्टर: कान, दात, कंबर तपासून घ्यायची. दुखणाऱ्या अंगाला शिस्त लावता येत नाही. एवढं करूनही दात लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

‘आपण अल्फा, म्हणजे कुत्र्यावर हुकूमत गाजवणारा म्होरक्या, व्हायचं’ हे खूळ तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत, तेही बरं झालं. ज्यांवरून हे खूळ निघालं, ती प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली मांडलेली निरीक्षणं पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांची होती. रानातला कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 साली स्पष्ट लिहिलं. 

याउलट स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठाचा 2019 चा अभ्यास तुम्ही सावकाश समजावून सांगितलात. 58 कुत्र्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या केसांतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं, तर दोघांचा दीर्घकाळचा ताण बरोबरीने वर-खाली होताना दिसला. म्हणून ऑफिसमधून चिडून आल्यावर सराव घ्यायचा नाही. नुसतं फिरवून आणायचं, वास घेऊ द्यायचे. सराव तीन ते पाच मिनिटांचा, आणि जमलेल्या गोष्टीवरच थांबायचं. घरातल्या पाच जणांपैकी चौघांनी अंगावर उड्या मारण्याकडे पाठ फिरवली आणि आजोबांनी अधूनमधून लाड केले, तर ती उडी आणखी पक्की होते. हे आजोबांना न दुखावता पटवून देण्याची तुमची हातोटी आम्हाला अजून साधलेली नाही.

नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव लवकरच सुरू होईल. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ढोलाचं रेकॉर्डिंग आत्तापासूनच, कान जेमतेम हलेल इतक्या बारीक आवाजात, जेवणाच्या वेळी लावायला घेतलंय. कान मागे गेले की आवाज कमी. घाबरून कुशीत शिरलं तर जवळ घ्यायचं, त्याने भीती वाढत नाही, हेही घरोघरी सांगून झालंय. फटाक्यांचं रेकॉर्डिंग गणपतीनंतर काढायचं की दोन्ही आलटून-पालटून, एवढं शनिवारी सांगा.

तुमचे,
शनिवारच्या वर्गातले सगळे पालक