ताट तसंच ठेवून गेलास

चि. बाळ्या,
सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. फोनचा विषय काढायचा नाही असं तुझ्या आईनं बजावलं होतं, आणि मी पहिल्याच ओळीत काढला. असो.

रविवारी रात्री तांबडा रस्सा ताटात तसाच ठेवून तू सीबीएसचं बसस्टँड गाठलंस. आईनं ते ताट तासभर उचललं नाही. धंद्यातलं मशीन विकल्याचं तू सांगितलंस, तोंडातला घास अजून खाली उतरला नव्हता, आणि मी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढला. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. पौलानं ते लिहिलं ते फटके खाऊन, तुरुंग बघून. मी पेन्शन खात खुर्चीत बसून तुला फेकून मारलं.

आपल्या चर्चच्या मंडळीत कुणी विश्वासाची साक्ष द्यायला उभा राहिला की भट्टी येतेच. सोनं कसं तावून सुलाखून निघतं, वगैरे. शिरोलीच्या फौंड्रीत तेहतीस वर्षं मी वितळलेल्या लोखंडाशेजारी काढली, तेव्हा या विषयावर मला थोडं बोलू दे. नुसत्या तापण्यानं जॉब, म्हणजे साच्यात ओतलेला तुकडा, चांगला होत नाही. वाळूत ओल जास्त राहिली की आत वायू कोंडतो. वरून कास्टिंग देखणं दिसतं, मशीनवर चढवलं की ब्लोहोल, आतली पोकळ भोकं, उघडे पडतात. आणि लाल असतानाच घाईनं साचा फोडला तर तडकतं. ते वाळूतच राहू द्यावं लागतं. त्या वेळात कुणी काही करायचं नसतं, बाजूला उभं राहायचं. हे मी नव्या पोरांना ओरडून शिकवायचो, आणि रविवारी घरात मीच हातोडा घेऊन बसलो.

जेवतोस ना वेळेवर? सूनबाई माहेरी आहे, म्हणजे रात्री तू एकटाच. मिस्ड कॉल दिलास तरी चालेल.

पणजीचं बायबल आठवतं? 2019 च्या पुरात, पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली तेव्हा, ते खालच्या कपाटात राहिलं. (धोक्याची पातळी 43 आणि आपण 40 ला कपाट रिकामं करणार होतो. तो दोष माझाच, आई अजून काढते.) पाणी उतरल्यावर तू पंख्याखाली एकेक पान सोडवत बसला होतास. ईयोब संपून स्तोत्रं सुरू होतात तिथली पानं काही सुटली नाहीत. परवा तू गेल्यावर मी ती वाफेवर धरली. अर्धी फाटली, अर्धी वाचता आली. मग ईयोब पहिल्यापासून काढला. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गेलेल्या त्या भल्या माणसाकडे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. नंतर तोंड उघडतात आणि सगळा घोटाळा करतात. देव ईयोबाशी बोलतो तो थेट 38 व्या अध्यायात, आणि शेवटी रागावतो कुणावर? देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर. देवाशी भांडलेल्या ईयोबावर नव्हे. इतकी वर्षं वाचतोय, मी स्वतः त्या तिघांतला असेन असं कधी मनात आलं नव्हतं.

पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. ती सांगायची, रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. 1921 मध्ये एकुलती मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. तरी बायबलचं भाषांतर त्यांनी तडीला नेलं. म्हणजे बघ, माणसानं ठरवलं तर... बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तू रमाबाई नाहीस, आणि तसं व्हायचीही गरज नाही.

तुला कधी न सांगितलेलं एक सांगतो. तुझी धाकटी बहीण गेली त्या वर्षी मी आठ महिने उपासनेला गेलो नाही. बायबल काखेत मारून घरातनं निघायचो आणि पंचगंगेच्या घाटावर बसायचो, उपासना सुटायची वेळ होईपर्यंत. म्हशी धुणारी पोरं मला ओळखायला लागली होती. आईला सगळं ठाऊक होतं, तिनं कधी विचारलं नाही. परत गेलो तो काही दर्शन होऊन नव्हे. जुलैत नदी चढली, पायऱ्या पाण्याखाली गेल्या, बसायला जागा उरली नाही, म्हणून गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं गीतांचं पुस्तक माझ्याकडं सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. इतके दिवस कुठं होतास, असं विचारलं नाही. माझ्या घशातनं आवाज फुटला नाही. त्यानं बोट तसंच पुढं पुढं नेलं, चारही कडवी. माझा विश्वास तेव्हा बळकट झाला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्याच बाकावर बसलो, इतकं खरं.

मशीनचे पैसे आले तसे तू आधी चौघा पोरांचा पगार चुकता केलास, बँकेचा हप्ता नंतर. हे मला तुझ्याकडनं नाही, त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांकडनं कळलं, शाहूपुरीत भेटले होते. चहाचे पैसे मी दिले आणि घरी येऊन आईला तीनदा सांगितलं. तुला रविवारी सांगायला हवं होतं.

चर्चला जा, असं मी म्हणत नाही. जावंसं वाटलं तर जा. रात्री झोप आली नाही तर गॅलरीत उभा राहू नकोस, तो कठडा मला पहिल्यापासून आवडलेला नाही. आत बस आणि मला फोन लाव. अडीच वाजले असले तरी लाव. मी बोलणार नाही काही, शास्त्रवचन तर नाहीच.

घाईत तुझी चप्पल इथंच राहिली. अंगठा तुटला होता, शिवून आणलाय. आई म्हणते पार्सल करू, मी म्हणतो राहू दे, येईल तो न्यायला.

तुझे,
पप्पा