सूचना : शनिवारच्या व्याख्यान-प्रक्षेपणाबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ठीक ६ वाजता वाचनालयाच्या वरच्या सभागृहात स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांचे टेड या परिषदेतील २००६ सालचे व्याख्यान पडद्यावर दाखविण्यात येणार असून त्यानंतर चर्चा होईल. आलेखाच्या आडव्या अक्षावर दर स्त्रीमागे अपत्यांची संख्या आणि उभ्या अक्षावर आयुर्मान मांडून, १९६२ पासून एकेका देशाचा रंगीत बुडबुडा कसा सरकत गेला, हे रोसलिंग सामन्याचे धावते वर्णन करावे तशा उत्साहाने सांगतात. आकडेवारीचा कंटाळा असलेल्या सभासदांनी तर अवश्य यावे. टेडमध्ये वक्त्यास १८ मिनिटांची मर्यादा असते. हे व्याख्यान ती किंचित ओलांडते, परंतु आपल्या मागील चर्चेने ओलांडलेल्या वेळेपुढे ते काहीच नव्हे.

गेल्या खेपेस स्पीकरची वायर ऐन वेळी सापडली नाही, म्हणून व्यवस्था पाहणाऱ्या सभासदांनी साडेपाचलाच उपस्थित राहावे. व्याख्यान इंग्रजीत असल्याने त्याचा मराठी सारांश प्रवेशद्वाराशी ठेवला जाईल. वाचून झाल्यावर तो कृपया परत करावा.

– कार्यवाह