दाबोळीचे तिकीट आणि मोपाला उतरणे: गोव्याच्या विमानमार्गांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
प्रत: मार्ग नियोजन विभाग

विषय: तिकिटावरचा विमानतळ परस्पर बदलणे आणि त्याला 'वेळेतील बदल' म्हणून परतावा नाकारणे

महोदय,

सावंतवाडी, बांदा, म्हापसा आणि मडगाव इथले आम्ही ग्राहक हे पत्र एकत्रितपणे पाठवत आहोत. आमच्यातले काही तिकीट एजंट आहेत, बाकीचे मुंबई, पुणे, बंगळूर या मार्गांवर कामानिमित्त येणारे-जाणारे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हंगामी वेळापत्रक बदलते. त्या सुमारास तुमच्या गोव्याच्या उड्डाणांबाबत जे घडते, त्याविषयी ही तक्रार आहे.

गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. प्रवासी दाबोळीचे तिकीट काढतो. पुढे कंपनी ते उड्डाण मोपाला हलवते. उड्डाण क्रमांक तोच ठेवला जातो, पीएनआर तोच राहतो, फक्त उतरण्याच्या विमानतळाचा संकेत जीओआयचा (दाबोळी) जीओएक्स (मोपा) होतो. तुमची आरक्षण यंत्रणा याला रद्द झालेले उड्डाण समजत नाही, वेळापत्रकातील किरकोळ बदल समजते. त्यामुळे प्रवाशाला जाणाऱ्या संदेशात नवीन वेळ असते, विमानतळाचे नाव नसते. नवीन वेळ जुन्या वेळेपासून फार लांब नसेल तर मोफत रद्द करण्याचा पर्यायही उघडत नाही. कस्टमर केअरला फोन केला की उत्तर येते, "सर, शहर तेच आहे."

शहर ते नाही. गोवा हे मुळात शहरच नाही. मोपा पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. दाबोळी वास्कोजवळ, झुआरी नदीच्या दक्षिणेला. दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर अंतर आहे आणि वाटेत म्हापसा, पर्वरी, पणजीची वाहतूक आहे. दाबोळीहून मडगाव पंचवीसेक किलोमीटर, मोपाहून तेच पासष्टच्या आसपास. काणकोणच्या माणसाला तर मोपाहून जवळजवळ सगळा गोवा ओलांडावा लागतो. उलट सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले इथल्यांसाठी मोपा दारात आहे आणि दाबोळी दूर. म्हणजे एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय, आणि म्हणूनच आमच्यापैकी प्रत्येक जण विमानतळ पाहून तिकीट काढतो. कित्येकदा त्यासाठी जास्त भाडेही मोजतो.

सर्वांत मोठे नुकसान निघताना होते. तुमचे काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते. जुने तिकीट घेऊन प्रवासी दोन तास आधी दाबोळीला पोचतो आणि प्रवेशद्वारावर सीआयएसएफचा जवान नवीन यादी पाहून सांगतो की हे विमान मोपाहून आहे. तिथून टॅक्सी मिळवून मोपा गाठायला दीड तास सहज जातो. विमान मिळत नाही, आणि तुमच्या नोंदीत तो 'नो-शो', म्हणजे न आलेला प्रवासी, ठरतो. भाडे बुडते, परत मिळतात ते थोडेफार कर आणि विमानतळ शुल्क.

दुसरा प्रकार परतीचा. जाताना दाबोळीहून गेलेल्या माणसाची गाडी दाबोळीच्या पार्किंगमध्ये असते आणि येताना त्याला मोपाला उतरवले जाते. पार्किंगचे मीटर चालू, शिवाय गाडीपर्यंत पोचण्याचे टॅक्सीभाडे. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. प्रीपेड टॅक्सी काउंटर, गोवामाईल्स हे टॅक्सी ॲप किंवा कदंबची बस, एवढेच पर्याय. मडगावहून कोकण रेल्वेची गाडी पकडायची असेल तर हिशेब पूर्णच कोसळतो. मोपाला जवळची स्थानके पेडणे आणि थिवी, पण तिथे प्रत्येक गाडी थांबत नाही.

उड्डाण का हलवले जाते हे आम्हाला समजते. दाबोळी नौदलाचा तळ आहे, कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथे नागरी विमानांना मोकळीक नसते, सोयीचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरवून दिलेली वेळ, मिळणे अवघड. मोपा ५ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि चोवीस तास उघडे असते. कमी भाड्याच्या कंपनीचे एकच विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या मारते, प्रत्येक ठिकाणी अर्ध्या तासात वळते. एक स्लॉट सरकला की सगळी साखळी सरकते. मार्ग कुठून चालवायचा हा तुमचा निर्णय आहे आणि त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पुढच्या हंगामाचे स्लॉट पक्के होण्याआधी दाबोळीच्या नावाने तिकिटे विकण्यावर, आणि ते न जमल्याचा खर्च प्रवाशावर टाकण्यावर.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत (विभाग ३, मालिका एम, भाग ४) उड्डाण रद्द झाल्यास पर्यायी उड्डाण घ्यायचे की पैसे परत, ही निवड प्रवाशाची असते. दोन आठवड्यांची पूर्वसूचना नसेल आणि नियमाप्रमाणे कळवलेही नसेल, तर भरपाई लागू होते: ब्लॉक टाइम (विमान निघाल्यापासून पोचून थांबेपर्यंतचा वेळ) एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतील कमी असेल ती रक्कम. मुंबई-गोवा उड्डाण बहुधा मधल्या गटात मोडते. आमचे म्हणणे सरळ आहे. दाबोळीला जाणारे विमान दाबोळीला जात नसेल तर ते उड्डाण रद्द झाले. क्रमांक तोच ठेवल्याने ते चालू राहिले असे होत नाही.

हीच चूक आता मुंबईतही होऊ लागली आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. पनवेल-डोंबिवलीच्या चाकरमान्याला तो सोयीचा, बोरिवली-मीरा रोडच्या माणसाला नाही. तुमच्या संकेतस्थळावर 'मुंबई' टाकले की दोन्ही एकाच यादीत येतात, आणि एनएमआयला (नवी मुंबई) उतरून बीओएमहून (मुंबईचा जुना विमानतळ) पुढचे विमान अशी जोडणीही दिसते. त्यात सामान आपणच काढून, शहर ओलांडून, पुन्हा चेक-इन करायचे असते, हे पैसे भरेपर्यंत कुठे ठळक लिहिलेले नाही. लंडनसाठी एलओएन हा संकेत शोधण्यापुरता असतो. तिकिटावर हीथ्रो की गॅटविक हे नावानिशी येते. तेवढे तरी इथे व्हावे.

आमच्या मागण्या अशा. शोध यादीत, तिकिटावर आणि मार्ग नकाशावर 'गोवा–दाबोळी (वास्को)' आणि 'गोवा–मोपा (पेडणे)' अशी पूर्ण नावे यावीत. विमानतळ बदलला तर संदेशाचा पहिलाच शब्द 'विमानतळ बदल' असावा, जुने आणि नवे नाव दोन्ही असावे, आणि प्रवाशाने होकार देईपर्यंत बदल मान्य झाला असे धरू नये. जाणे-येणे एकाच पीएनआरवर असेल तर एक बाजू बदलली तरी दोन्ही बाजूंचा पूर्ण परतावा मिळावा. विमानतळ शुल्क दोन्हीकडे वेगळे आहे, त्याचा फरक हिशेबात दाखवावा. एजंटांमार्फत काढलेल्या तिकिटांचा संदेश प्रवाशाच्या मोबाइलवरही जावा. आज तो बहुतेक वेळा फक्त एजंटकडे येतो आणि सुट्टीच्या दिवशी वाचलाच जात नाही. ज्या मार्गाचा स्लॉट अजून मिळालेला नाही त्यापुढे 'मंजुरी बाकी' असे लिहावे.

चालू हंगामात ज्यांचे तिकीट 'नो-शो' धरले गेले त्यांचे पीएनआर, मूळ तिकिटाची प्रत, आलेला संदेश आणि टॅक्सीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. ही प्रकरणे तुमच्या नोडल (तक्रार निवारण) अधिकाऱ्याकडे द्यावीत आणि ३० दिवसांत प्रत्येकाला वेगळे लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास आम्ही आधी अपिलीय अधिकारी आणि एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलकडे, नंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपापल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाऊ. त्या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे तुमचे मुख्यालय कुठेही असले तरी सुनावणी सिंधुदुर्गात आणि गोव्यात होईल.

आपले,
सिंधुदुर्ग आणि गोव्यातील ग्राहक

सोबत: वर उल्लेख केलेली कागदपत्रे