सर्पगंधेच्या डबीवर मराठीत इशारा हवा

प्रति,
मा. श्री. प्रतापराव जाधव,
राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार), आयुष मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

सर्पगंधेच्या मुळांपासून केलेल्या गोळ्या आणि चूर्णे रक्तदाबावर व निद्रानाशावर विकली जातात. या वनस्पतीच्या उपयोगाला माझा विरोध नाही. माझी मागणी मर्यादित आहे : ज्या औषधात सर्पगंधा आहे ते कोणत्या आजारात आणि कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये, हे रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत त्याच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक करावे. आपण बुलढाण्याचे असल्याने ही मागणी मराठीतूनच मांडतो आहे.

सर्पगंधेचा गुण आधुनिक वैद्यकाला आपल्याच देशाने दाखवून दिला. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये रक्तदाब व उन्माद या दोन्हींवर तिचा परिणाम नोंदवला होता. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात मांडल्यावर जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे अल्कलॉइड (वनस्पतीतील क्रियाशील रसायन) वेगळे काढले गेले आणि दोन-तीन वर्षांतच ते मनोरुग्णालयांत पोहोचले.

रेसर्पिन मेंदूत नेमके काय करते, हे आज चांगले ठाऊक आहे. सेरोटोनिन, डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही संदेशवाहक रसायने चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पुटिकांमध्ये (पिशव्यांमध्ये) साठवलेली असतात आणि ती आत भरण्याचे काम पुटिकेच्या भिंतीतील एक वाहक प्रथिन करते. रेसर्पिन या प्रथिनाला इतके घट्ट चिकटते की ते कायमचे निकामी होते. बाहेर राहिलेली रसायने पेशीतील मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर नष्ट करते आणि साठा आटत जातो. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन निश्चेष्ट झालेल्या सशांना लेव्होडोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते द्रव्य) टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजारात डोपामिनची उणीव असते, या समजुतीचा पाया तिथे घातला गेला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

निकामी झालेल्या पुटिकांच्या जागी नव्या तयार होईपर्यंत साठा पूर्ववत होत नाही. म्हणून गोळी बंद केल्यावरही परिणाम काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. "सध्या कोणते औषध घेता?" या प्रश्नाला रुग्णाने प्रामाणिकपणे "कोणतेच नाही" असे उत्तर दिले, तरी मेंदूतील साठा रिकामाच असू शकतो. त्यात आयुर्वेदिक औषध डॉक्टरांना सांगण्याजोगे असते, असे बहुतेकांना वाटतही नाही.

याच यंत्रणेतून धोके उद्भवतात. पार्किन्सनच्या रुग्णाने सर्पगंधा घेतली, तर त्याच्या लेव्होडोपाचा उपयोग कमी होतो. (खाजकुहिलीच्या बियांत हेच लेव्होडोपा निसर्गतः असते, म्हणजे परस्परविरुद्ध काम करणाऱ्या दोन वनस्पती दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या असू शकतात.) मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारी औषधे आधीपासून सुरू असतील, तर पुटिकांबाहेर पडलेली रसायने नष्ट न होता एकदम उसळतात आणि रक्तदाब घातक पातळीपर्यंत चढू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते.

नैराश्याचा मुद्दा मी जपून मांडतो. रेसर्पिनमुळे नैराश्य येते, हे एकेकाळी गृहीत धरले जाई. पुढे तो पुरावा समजला गेला होता तितका भक्कम नसल्याचे दिसले. तरीही ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याला रेसर्पिन देऊ नये, ही सूचना वैद्यकाने मागे घेतलेली नाही. हंटिंग्टनच्या आजारातील अनियंत्रित हालचालींसाठी वापरले जाणारे टेट्राबेनाझिन हे कृत्रिम औषध याच वाहक प्रथिनाला, अधिक सौम्यपणे आणि तात्पुरते, अडवते. अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर नैराश्य व आत्महत्येच्या धोक्याची ठळक चौकट छापावी लागते. जे कारखान्यात तयार झाले त्याला चौकट आणि जे मुळातून आले त्याला 'नैसर्गिक' हे बिरूद, हा भेद चेतापेशीला कळत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १६१ अन्वये अनुसूची ई(१) मधील भांग, धोतरा, अफू, बचनाग इत्यादी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. सर्पगंधेसाठी एवढे एक वाक्य पुरणार नाही. नैराश्याचा पूर्वेतिहास, पार्किन्सन, जठरव्रण, मानसिक आजारावरील चालू औषधे आणि ठरलेली शस्त्रक्रिया यांचा नावानिशी उल्लेख हवा, गोळीतील रेसर्पिनचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये हवे, आणि हे सारे औषध ज्या राज्यात विकले जाते तिथल्या भाषेतही हवे. जाणकार वैद्य प्रकृती आणि मात्रा पाहूनच सर्पगंधा देतात, त्यामुळे त्यांची यात अडचण होण्याचे कारण नाही. हा इशारा वैद्याला न विचारता दुकानातून डबी उचलणाऱ्यासाठी आहे.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी यंत्रणा आपल्या मंत्रालयाकडे आहे. तिच्याकडे सर्पगंधेविषयी आजवर आलेल्या नोंदी रुग्णांची ओळख वगळून प्रसिद्ध कराव्यात आणि वेष्टनावरील मजकूर ठरवणाऱ्या समितीत वैद्यांबरोबर एक मनोविकारतज्ज्ञ व एक औषधशास्त्रज्ञ असावा, अशी विनंती करतो.

आपला,
औषधशास्त्राचा एक शिक्षक