बाकांबद्दल

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी चर्चची मीटिंग संपली आणि मी तुझ्याकडे न जेवता एसटी धरली. सुनीताने भाकऱ्या टाकून ठेवल्या होत्या, हे नगरला आल्यावर आईकडून कळलं. तिला सांग, चूक माझी.

पगाराचं विचारायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

बाक हलवून चर्चमध्ये पोरांसाठी अभ्यासिका काढायची म्हणालास, तेव्हा सगळ्यांदेखत तुझ्याविरुद्ध हात वर केला, तो दादांच्या बाकांसाठी. भुईमुगाच्या पैशातून त्यांनी ते करून घेतले, तेव्हा सणाला माणसं दाराबाहेर उभी असायची. परवा उपासनेला तुम्ही दोघं धरून चौदा जण. तरणी पोरं चाकणला, काही घरं दुसऱ्या प्रार्थनासभांना जातात, आणि उरलेले आम्ही जमिनीच्या केसच्या तारखा मोजतो. हे दिसत असूनही बाक हलवायचे म्हटल्यावर माझा हात वर गेला.

पण अमोल, चौदा जणांच्या दानात पाळकाचं घर कसं चालायचं?

तू रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव काढलंस. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र. खरं आहे. पण त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी काय काय निभावलं, तेही वाच. सुनीताचे दिवस भरत आलेत.

पुन्हा तेच झालं. राहू दे.

अभ्यासिका काढशील तर आधी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना विचार. जामखेडला १९७० साली आरोळे डॉक्टर नवरा-बायको आले, तेव्हा लोकांनी औषधाआधी अन्न आणि पाणी मागितलं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिकवलं. तुझी आत्या अंगठा उठवायची, ती बाळंतपणं करायला लागली. कोणत्या जातीची, कोणत्या देवाची, हे तिने कधी कुणाला विचारलं नाही. तूही पोरांच्या ताटापाशी अट ठेवू नकोस. आईबाप कारखान्यावर असताना लेकरांना धर्माचं काही शिकवलं, असा बोल लागला तर चौदाचे चार होतील. जमाखर्चाची वही वेगळी ठेव. व्यासपीठावरून म्हाताऱ्यांना टोचून बोलू नकोस.

शाळामास्तरची सवय, सुटत नाही. माफ कर.

एसटीला वेळ होता म्हणून चर्चकडे परत वळलो. कुलूप होतं. बाहेरच्या दिव्याखाली पायरीवर एक पोरगी तेराचा पाढा म्हणत होती, मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला. तेरा साते अडखळली. मी एक्याण्णव म्हणालो, तर दचकून म्हणाली, “पाळकबाबा येतील आता, किल्ली त्यांच्याकडंय.” तुझं नाव तिने असं घेतलं की मला तिथेच बसावंसं वाटलं. बसलो नाही.

पुढच्या मीटिंगला मी येतोय. बाक भिंतीकडेला लावू. दादांचे दोन मात्र पुढे ठेव, पोरांना लिहायला उंची बरोबर आहे.

सोबत तीन हजार पाठवतोय. पावती अभ्यासिकेच्या नावाने फाड. त्यातले सुनीताच्या दवाखान्याला लागले, तर मला कळवू नकोस.

तुझे,
पप्पा