ताईला पत्र : रिपोर्टमधल्या सोडियमबद्दल

ती. ताईस,
सा. न.

रिपोर्टचा फोटो मिळाला. सोडियम १३२, आणि शेजारी खाली जाणारा बाण. त्या बाणाने तुझी आणि दाजींची झोप उडवली असणार, म्हणून आधी त्याचंच लिहिते. छोटूला झटका आला तो तापामुळे. सोडियम १३५ ते १४५ असावं हे खरं, पण नुसतं तेवढ्यानेच झटका यायचा तर ते सहसा १२५ च्याही खाली घसरावं लागतं.

मग कमी का आलं? ताप चढला की मेंदूकडून एडीएच नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. त्याने मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात आणि रक्तातलं सोडियम थोडं पातळ होतं. झटका न आलेल्या तापाच्या मुलांतही हे दिसतं. म्हणून त्याला वरून मीठ चारू नकोस, मीठपाणी तर मुळीच नको. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस द्यायचं, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून.

सोडियम जितकं कमी, तितकी त्याच तापात पुन्हा झटका येण्याची शक्यता जास्त, असं काही अभ्यासांत आढळलं. काहींत तसं काहीच दिसलं नाही. त्यामुळे त्या आकड्यावरून पुढचं भाकीत करता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितलंय की तापाच्या साध्या झटक्यात सरसकट रक्त तपासू नये, ताप कशाचा आहे ते शोधावं. तेव्हा डॉक्टर 'पुन्हा तपासायला नको' म्हणाले, तर तो हलगर्जीपणा नाही. जुलाब-उलट्यांनी मूल सुकलं असेल किंवा झटक्यानंतर नीट शुद्धीवर येत नसेल, तर मात्र तपासायलाच हवं.

आता जरा कठीण बोलते. असा झटका एकदा आलेल्या तीनांतल्या साधारण एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येतो. पॅरासिटामॉलने त्याला बरं वाटेल, पण झटका टळेलच असं नाही. म्हणून रात्री झोपेतून उठवून डोस पाजत बसू नकोस.

आलाच, तर आधी घड्याळ बघ. आमच्या वॉर्डात मुलांच्या आया 'अर्धा तास चालला' म्हणतात आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत दोन मिनिटंसुद्धा भरत नाहीत. त्या वेळी ओठ निळसर होतात, डोळे वर जातात, वेळ सरता सरत नाही. त्याला कुशीवर वळव, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते हलव. हातपाय दाबून धरू नकोस. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काही म्हणजे काही घालायचं नाही. पाच मिनिटं उलटली, एकाच बाजूचे हातपाय उडाले, किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

झटका थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवायचा का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचार. हो म्हणाले, तर कसा मारायचा ते तू आणि दाजी दोघंही त्यांच्यासमोरच शिकून घ्या.

तुझी,
धाकटी