काम वाटून देणाऱ्या सुतारकाकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही चहा मागवून विषय बदलता, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते माझ्यासारख्या इतर बायकांच्याही वाट्याला यावं असं मला मनापासून वाटतं.

बाळाची खोली स्वतःच्या हातांनी लावायची मला फार हौस होती. पण सहाव्या महिन्यात हातात स्क्रू ड्रायव्हर दिसला की जो तो म्हणायचा, "ठेव ते, गप बस जरा." तुम्ही तसं म्हणाला नाहीत. सगळं कर असंही म्हणाला नाहीत. माझ्याकडचं चित्र नीट पाहिलंत, कागद मागितलात आणि त्याचे दोन भाग केलेत: हे तुझं, हे माझं. दिवस गेलेल्या बाईला एवढ्या सरळपणे कामाची माणूस म्हणून वागवणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

आजीच्या जुन्या कपाटाचं आधी सांगते. ते घासून नवा रंग द्यायचा, असा माझा बेत होता. तुम्ही दाराची कड नखाने जराशी उचललीत. खाली हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली आणखी एक थर. "हा ऑइलपेंट तुझ्या आईच्या लहानपणचा असणार. याला पॉलिश पेपर लावायचा नाही. तू नाही आणि घरात दुसऱ्या कुणीही नाही." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. जुन्या रंगांत शिसं असतं, घासताना त्याची धूळ श्वासातून आत जाते आणि आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवायचा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या कपाटाची खात्री कोण देणार? तुम्ही रंगवलेली दारं आणि बाजू तशाच बाजूला काढल्यात, आतल्या बिनरंगाच्या सागवानी फळ्या दुकानात नेऊन रंधून आणल्यात आणि त्यांचेच खण केलेत. आजीचं लाकूड आज तिच्या पणतीच्या दुपट्यांना मिळालंय.

माझ्या वाटणीचं काम बसून करायचं होतं. सातव्या महिन्यात पोटाच्या वजनाने तोल पुढे जातो, सांधे सैल पडतात, त्यामुळे स्टुलावर चढणं बंद. टेबलाखाली ठोकळे देऊन तुम्ही ते माझ्या खुर्चीच्या उंचीला आणलंत, तेव्हा कुठे पाठीला आराम पडला.

बाळाच्या पलंगाच्या उभ्या दांड्यांच्या खुणा मी केल्या. त्यासाठी तुम्ही बरोबर ६ सेंटिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा कापून दिलात. दोन दांड्यांच्या मध्ये तो घट्ट बसला पाहिजे, सैल झाला तर फट जास्त. फट जास्त झाली तर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं, हे तुम्ही मला न घाबरवता समजावलंत. गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटंही जाता कामा नयेत, हेही तेव्हाच सांगितलंत. चित्रात एक बाजू खाली सरकणारी होती, तिला मात्र तुम्ही सरळ नाही म्हणालात. तसे पलंग विकायला अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, हे मी नंतर वाचलं. सरकती बाजू निखळून फटीत बाळं अडकली होती. तुम्ही ते वाचलेलं नव्हतं. घासून ढिल्या होणाऱ्या बिजागऱ्या आणि खाचा तुम्ही आयुष्यभर पाहिल्या होत्यात.

पॉलिशचा निर्णयही तुमचाच. स्पिरिटचा वास माझ्या खोलीत नको म्हणून जवसाचं कच्चं तेल. दुकानदार 'डबल बॉईल्ड' पुढे करत होता. लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा ते नको म्हणालात. कच्चं तेल सुकायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून आधी तेच काम उरकायला लावलंत. खिडकी उघडी ठेवून मी फडक्याने तेल चोळायचे. ते फडकं बोळा करून कधी टाकायचं नाही, पसरून वाळवायचं, नाहीतर आपोआप तापून पेट घेतं. माझ्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

खणांचं कपाट लोखंडी पट्टी आणि रावल प्लग (भिंतीच्या भोकात स्क्रू घट्ट धरणारी खुंटी) घालून भिंतीला बांधलंत, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मुलं खण ओढून त्यांच्या पायऱ्या करतात आणि कपाट अंगावर येतं.

एका गोष्टीसाठी वेगळे आभार. बाळ यायच्या आधी पाळणा किंवा पलंग घरात येऊ नये, असं सासूबाईंना वाटत होतं. मी वाद घालायच्या तयारीत होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "वहिनी, मी सगळं बोल्टांवर बांधतो. सुटे भाग माझ्या दुकानात राहतील. बातमी आली की जोडून देतो." त्यांचा मान राहिला, माझं कामही थांबलं नाही. बारशाच्या आदल्या दिवशी तुम्ही पाना घेऊन हजर होतात.

लेक छान आहे, वजन वाढतंय. ती धरून उभी राहायला लागली की गादीची फळी खालच्या भोकांवर उतरवायची, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवलंय. पुढे तिला जेवायला बसायचा छोटा पाट करायचाय. लाकूड शिवणीचं की आंब्याचं ते तुम्ही ठरवा. या वेळी रंधा मात्र मी मारणार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई